उकिरड्याखालचे गिलास

मागच्या अंगणात पाण्याची टाकी बांधायचं ठरलं तेव्हा आईंनी विरोध केला. आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय अठ्ठ्याहत्तर. घरातल्या कुठल्याच निर्णयात त्या कधी पडत नाहीत. जुनं कौलारू घर पाडून तीन मजली बांधलं, तेव्हाही त्यांनी फक्त एवढंच विचारलं होतं की माझी खाट कुठं ठेवणार. आणि या वेळी मात्र ठामपणे म्हणाल्या, "टाकी पुढं बांधा. मागं नको."

"पुढे गाडी लागते, आई," माझा नवरा म्हणाला.

"मंग गाडी मागं लावा."

मागे जायला जेमतेम दोन हातांचा बोळ आहे. तिथून स्कूटरसुद्धा तिरकी करून न्यावी लागते, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. नवरा हसला आणि कामाला निघून गेला. मी हसले नाही. मी बेलापूरला एका सरकारी कचेरीत वारसांचे अर्ज तपासते. हयात बहिणीला मयत दाखवलेलं असतं, कुणाचा अंगठा दुसऱ्यानेच लावलेला असतो, कुठे एक भाऊ यादीतून सरळ गाळलेला असतो. एकोणीस वर्षं हेच बघते आहे. त्यामुळे कधी नाही ते माणूस एखाद्या गोष्टीला नको म्हणाला की मी त्याच्या तोंडाकडे बघत राहते. सवय आहे, चांगली म्हणता येणार नाही.

आमचं गाव कामोठ्याच्या पलीकडे, नदी खाडीला मिळते त्याच्या जरा अलीकडे. आता चारी बाजूंनी उंच सोसायट्या आल्यात, त्यामुळे रस्त्याने जाणाऱ्याला मध्ये गाव आहे हे कळतही नाही. पण शहर यायच्या आधी हे चांगलं बाजाराचं ठिकाण होतं. भरतीबरोबर होड्या आत यायच्या, मीठ आणि भात घेऊन परत जायच्या. ओहोटी लागली की होडीवाले सहा-सहा तास अडकून पडायचे आणि त्या सहा तासांवर गावातल्या दारूचा धंदा चालायचा. हे मला सासरच्या लोकांनी सांगितलेलं नाही. मी साताऱ्याकडची, इथे सून म्हणून आले. मला सांगणारी शेजारची मंडळी होती, तीही अर्धं सांगून विषय बदलणारी. काठावर आधी ताडीचं दुकान होतं. मग गोऱ्या साहेबाच्या काळात परवान्याचं विलायती दुकान आलं. मग दारूबंदी आली, दुकानवाला गाशा गुंडाळून गेला आणि धंदा खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत शिरला. कुणाच्या भट्ट्या होत्या, असं विचारलं की शेजारीण म्हणायची, "व्हत्या कुनाच्या तरी."

कुणाच्या, हा संशय मला पहिल्या वर्षापासून होता. माझ्या सासऱ्यांचा फोटो भिंतीवर आहे. चाळिशीतच गेले. कशाने गेले हे घरात कुणी नीट सांगत नाही. "पोटाचं झालं," एवढंच.

बोळातून मशीन आत येईना, म्हणून दोन मजूर लावून हाताने खणायला घेतलं. आई सकाळपासून मागच्या दारात पाट टाकून बसल्या. चहा तिथेच घेतला, जेवणही तिथेच. मी रजेवर होते. तिसऱ्या दिवशी दुपारी, कमरेएवढा खड्डा झाल्यावर फावड्याला काहीतरी खणकन लागलं. मजुराने हाताने माती उकरली आणि एक गिलास वर काढला. मी तो नळाखाली धुतला. जाड बुडाचा, फिकट हिरवट काचेचा, हातात घेतला की वजन जाणवणारा. कडेपासून बोटभर खाली एक रेघ कोरलेली. उन्हात धरल्यावर काचेत बारीक बुडबुडे दिसले आणि वरच्या बाजूला रॉकेल सांडल्यावर पाण्यावर दिसतात तसे रंग.

मग एकामागून एक निघत गेले. गिलास, चौकोनी बाटल्या, मानेत गोटी अडकलेल्या सोड्याच्या दोन बाटल्या, वर उठलेली अक्षरं असलेल्या पण अक्षरं झिजलेल्या काही.

"फोडून टाका ती," आई दारातून म्हणाल्या. "काचा हायेत. कुनाच्या पायात जातील."

"अख्ख्या आहेत, आई."

"मंग भंगारवाल्याला दे गो. घरात नको."

नवरा संध्याकाळी आला. त्याला दुसरीच काळजी. "फोटो काढून कुणाला पाठवू नकोस. कुणीतरी तक्रार करेल, पुरातन वस्तू म्हणून काम थांबवतील. बाजूवाले टपूनच बसलेत."

मी फोटो काढले होते. दुसऱ्या दिवशी रजा संपली, तेव्हा ते एका माणसाला दाखवलेही. आमच्या कचेरीच्या इमारतीखाली एका वकिलाकडे काम करणारे एक गृहस्थ बसतात. प्रतिज्ञापत्रं टाइप करून देतात. त्यांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून नेहमी एखादी जुनी बाटली असते, दर महिन्याला वेगळी. जुन्या काचेचा त्यांना नाद आहे, हे सगळ्या इमारतीला माहीत. त्यांनी माझा मोबाइल घेतला, फोटो मोठा केला, पुन्हा लहान केला.

"मॅडम, हे कुठून आलं?"

"टाकी खणताना निघालं."

"हां. सगळे असंच सांगतात."

मला राग आला. पण त्यांनी रविवारी येऊ का म्हणून विचारलं आणि मी हो म्हणाले. खरं सांगायचं तर त्यांच्यावरही माझा विश्वास नव्हता. त्यांच्या प्रतिज्ञापत्रांतल्या चुका माझ्या टेबलावर यायच्या. शिवाय फोटो बघताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं होतं, ते त्यांनी फार पटकन पुसलं होतं.

रविवारी ते भिंग, टॉर्च आणि दाढीचा मऊ ब्रश घेऊन आले. पायजमा दुमडून खड्ड्यात उतरले. आई दारातून त्यांच्याकडे बघत होत्या, ते खड्ड्यातून माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्या हातांकडे. दोन्ही हात दिसतील अशा जागी मी मुद्दाम उभी होते.

एका कडेला अजून न उकरलेला थर होता. तो त्यांनी ब्रशने साफ केला. टॉर्च जवळ धरून बघितला. मग म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. हे पुरलेलं आहे."

"जमिनीतूनच निघालंय ना."

"तसं नाही. कचऱ्यात फेकलेली काच आडवीतिडवी पडते, निम्मी फुटते. इथे बघा. सगळे गिलास उपडे. ओळीने. प्रत्येकाभोवती ही काळी रेघ दिसते ना, हा पेंढा होता. कुजलाय. कुणीतरी पेंढ्यात गुंडाळून, उपडे घालून, रचून ठेवलेत." ते उभे राहिले, गुडघे झटकले. "हल्ली नवी काच आणून शेणात, चुन्यात पुरतात. वर्षाने उकरायची आणि जुनी म्हणून विकायची. मी दोनदा फसलोय. एकदा तर अशाच घरगुती अंगणात. तिथेही टाकीच खणत होते."

म्हणजे हा माणूस माझ्यावर संशय घेत होता! मी दिवसभर दुसऱ्यांच्या खोट्या सह्या पकडणारी बाई, आणि माझ्याच अंगणात मला कुणीतरी खोटी ठरवत होतं. मी म्हणाले, "तुम्ही भाव पाडायला हे बोलताय."

"असं समजा," ते शांतपणे म्हणाले. "पण मला एक गिलास बघू द्या."

त्यांनी गिलास उलटा करून बुडावरून अंगठा फिरवला. बुडाच्या मध्यावर एक खरखरीत व्रण होता. भिंगातून बुडबुडे बघितले. चौकोनी बाटलीवरची साच्याची शिवण कुठपर्यंत जाते ते टॉर्च लावून बघितलं. ती ओठाच्या खालीच संपत होती. असं पाऊण तास चाललं. शेवटी ते खड्ड्याच्या काठावर बसले आणि त्यांचा आवाज बदलला.

"माल खरा आहे. फार जुना आहे. यंत्रावरच्या बाटलीची शिवण ओठापर्यंत जाते, ही तोंडाने फुंकलेली काच आहे, मॅडम. माफ करा." थोड्या वेळाने म्हणाले, "पण मग मला जास्तच कळत नाही. नवी काच पुरणारे चोर मला ठाऊक आहेत. खरी काच एवढी जपून उकिरड्यात कोण पुरतं?"

"उकिरडा?"

"माती बघा की. ही शेणखताची आहे."

ते गेल्यावर मी त्या थरातलेही गिलास काढून सगळा माल व्हरांड्यात चादरीवर मांडला. नवरा बाहेर गेला होता. आई खाटेवर पाठ करून पडल्या होत्या. मी मोठ्याने मोजत होते, मुद्दाम नव्हे, मोजताना माझे ओठ हलतात. गिलास अडतीस झाले.

"अडतीसच निघाले," मी स्वतःशी म्हणाले.

"तीन राह्यले," आई म्हणाल्या. "उजव्या अंगाला."

त्यांची पाठ तशीच होती. पण ती पाठ आता झोपलेल्या माणसाची नव्हती.

मी काही विचारलं नाही. कचेरीत हे शिकले आहे. माणूस चुकून खरं बोलून गेला की लगेच प्रश्न टाकायचा नाही, तो सावध होतो. मी खाली गेले, खुरपं घेतलं आणि उजव्या बाजूला उकरलं. तीन गिलास निघाले. उपडे. मी ते धुऊन आईंच्या खाटेपाशी नेले आणि जमिनीवर बसले.

"आई, हे तुम्ही पुरले?"

"बाहेरची लोकं गेली?"

"गेली."

त्या उठून बसल्या. एक गिलास घेतला आणि कडेवरून बोट फिरवलं, कुठे टवका उडालाय का बघतात तसं.

"हे सायबाच्या दुकानातलं," त्या म्हणाल्या. "दुकान बंद झाला तवा माझ्या सासऱ्यान भात दिला आनि हे घेतला. मंग भट्टी घातली, तिवरांत. गूळ, नवसागर. आनि बसायची जागा हीच, घराच्या मागं. बाकीच्यांच्या अड्ड्यावर करवंटीत देत, नायतर जर्मनच्या वाटीत. आमच्याकडं सायबाच्या गिलासात. लांबलांबची मानसं त्या गिलासापायी येत. आमच्या अड्ड्याला नावच पडला व्हता, गिलासवाला."

तर शेजारणीचं "कुनाच्या तरी" म्हणजे आमच्याच. माझा संशय खरा निघाला, पण त्याचा काही आनंद झाला नाही.

आई सोळाव्या वर्षी या घरात आल्या. नवरा एकोणिसाचा. आल्या तेव्हा तो पीत नव्हता. वडिलांच्या अड्ड्यावर वाढायला उभा असायचा. लोक गिलासात तळाला थोडी ठेवायचे, त्याला म्हणायचे घे रे. वर्षभरात तो गिऱ्हाइकांच्या आधी प्यायला लागला. आईंनी सासूला सांगितलं. सासू म्हणाली, तुला काय कमी आहे इथे? माहेरी सांगितलं. माहेरचे म्हणाले, मोठ्या घरात दिली आहे.

"तवा मी इचार केला," आई म्हणाल्या, "मानसं गिलासाला येतात. गिलास नाय तर मानसं नाय."

शेणाची पाटी रोज सकाळी त्यांच्याच डोक्यावर असे. मागचा उकिरडा त्यांचा, तिथे दुसरं कुणी फिरकत नसे. रोज नाही, चारपाच दिवसांनी एक गिलास. कधी बाटली. पाटीत तळाला, वर शेण.

"पण पुरले का? नदीत टाकायचे."

"घाटावर बायका असत. सगल्या बघत."

"मग फोडायचे."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी फारच अडाणी आहे. "फोडला तर आवाज व्हतो गो."

आणि पेंढा? तो का? त्या म्हणाल्या की तेव्हा त्यांना वाटत होतं, अड्डा बंद झाला की एक दिवस सगळे गिलास काढून सासऱ्यांसमोर ठेवायचे. घ्या तुमचे, एकही फुटला नाही म्हणायचं. चोरी म्हणून त्यांनी ते केलंच नव्हतं.

अड्डा बंद झाला नाही. आईंच्या सासऱ्यांनी गिलास कमी झाल्याचं ओळखलं, आणि घरच्या सुनेवर संशय घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही. गिलास धुवायला एक माणूस होता. घाटावरचा, साताऱ्याकडून कामाला आलेला, बायकोसह नदीकाठी झोपडीत राहणारा. कधी थेंब न पिणारा म्हणूनच त्याला ठेवलेला. सासऱ्यांनी त्याला बाजारात उभं केलं. त्याची झोपडी उलटीपालटी केली. काही सापडलं नाही तेव्हा म्हणाले, विकून खाल्ले असतील. त्याला चपलेने मारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आणि त्याची बायको भांडी डोक्यावर घेऊन गाव सोडून गेले.

"तुम्ही बघितलंत?"

"खिडकीतून. बाजार समोरच व्हता. भाकरी थापत व्हती." त्यांनी गिलास खाली ठेवला. "मी दोन जिवाची व्हती. तुझा नवरा पोटात. बोलले असते तर मना बाहेर काढला असता. नाय बोलले."

मग सासऱ्यांनी बाकीचे गिलास कुलपात ठेवले आणि पितळी पेल्यातून द्यायला सुरुवात केली. गिऱ्हाइकं येतच राहिली. गिलासासाठी येतात, हा आईंचा समज होता, तो चुकला. पुढे नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, नदीत होड्या येईनाशा झाल्या, भट्ट्या आपोआप बंद पडल्या. तोपर्यंत आईंचे यजमान, म्हणजे माझे सासरे, गेले होते.

मी विचारलं, "तो माणूस कुठे गेला, कळलं कधी?"

"दिघ्याला. ऐरोलीची माझी मावसबहीन, तिनं बघितला व्हता. कारखान्यात लागला व्हता."

"कधी सांगितलं हे तिने?"

"तुझा नवरा साळंत जात व्हता तवा."

म्हणजे पन्नास वर्षं तो माणूस कुठे आहे हे त्यांना माहीत होतं. घरातून निघून तासाभरात पोचता येईल इतक्या अंतरावर.

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितली तेव्हा तो आधी हसला, मग चिडला. "आता काय करायचंय? कोण जिवंत आहे? आणि असेल तर उगाच कशाला आगीत हात घालायचा? लोक काय काय मागतील." मीही असाच विचार करणारी बाई आहे. पण आईंनी त्या दिवसापासून मागच्या दारात बसणं सोडलं. जेवण कमी झालं. आठवड्याने मला म्हणाल्या, "मना दिघ्याला नेशील?"

आमच्या कचेरीतला शिपाई दिघ्यात राहतो. त्याला मी सांगितलं, अमुक कारखान्यात अमुक काळी साताऱ्याकडचा एक माणूस होता, पूर्वी आमच्या गावात राहिलेला. शिपायाने लगेच विचारलं, "मॅडम, वारसाची केस आहे का?" नाही म्हटलं तर त्याला पटेना. तरी दहा दिवसांत त्याने पत्ता आणला. माणूस वारला होता, बरीच वर्षं झाली. बायको होती, मुलाजवळ.

शनिवारी सकाळी आम्ही दोघी गेलो. सोबत आईंनी सहा गिलास घेतले, पातळात गुंडाळून. गल्ली इतकी चिंचोळी की वर बघितलं तर दोन्हीकडची पत्र्यांची छपरं एकमेकांना टेकलेली. खोली नीटनेटकी होती. म्हातारी दारातच लसूण सोलत बसली होती. तिने आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी गावाचं नाव सांगितलं.

लसूण सोलणारा हात थांबला. "सही पाहिजे व्हय?" ती म्हणाली.

"नाही, आजी."

"मग अंगठा? मागं एक जण आला हुता. म्हनला, तुमी तिथं राहत हुता, घराचा हक्क सोडा म्हनून लिहून द्या. झोपडीचा कसला हक्क? मी न्हाई दिला. पोराला इचारल्याबिगर काय देनार न्हाई."

आत तिचा मुलगा होता. पन्नाशीचा, रात्रपाळी करून आलेला. तोही बाहेर आला आणि दारात आडवा उभा राहिला. "कुठल्या ऑफिसातून आलाय?" त्याने मला विचारलं. मी बेलापूर म्हणाले आणि तिथेच चुकले. त्याचा चेहरा बंद झाला. दाखवायला काढलेलं ओळखपत्र मी परत पर्समध्ये ढकललं. माझ्या टेबलासमोर बसणाऱ्या लोकांकडे मी जशी बघते, तसाच तो माझ्याकडे बघत होता.

आईंनी मला बाजूला केलं. त्या म्हातारीसमोर खाली जमिनीवर बसल्या, पातळ उलगडलं आणि गिलास मांडले.

म्हातारीने ते ओळखले. एक उचलला. पदराने पुसला, उजेडात धरला, पुन्हा पुसला. "माझ्या हातचं हायती ही," ती म्हणाली. "त्यो धुवायचा, मी राखंनं घासून द्यायची. कुठं सापडलं?"

"मी घेतले व्हते," आई म्हणाल्या. "तुझ्या मालकानं नाय. मी. मीच पुरले. मालकाला मारला तवा मी खिडकीत व्हती."

मला वाटलं, ही आता ओरडेल, शिव्या देईल, किंवा रडेल. तिने गिलास हळूच खाली ठेवला, इतरांच्या ओळीत.

"त्याला वाटायचं, मी घेतलं," ती म्हणाली.

आईंना कळलं नाही. मलाही नाही.

"म्हंजी बगा," म्हातारी म्हणाली, "त्यानं घेतलं न्हाई, हे त्याला ठावं हुतं. मग ऱ्हायलं कोन? धुवायला आमी दोघंच. त्याला वाटलं, मी एकेक इकतीया, माहेरी पैका धाडतीया. तोंडानं कधी बोलला न्हाई. मरस्तवर न्हाई बोलला. पर पगार माझ्या हातात कधी दिला न्हाई. पेटीची किल्ली कमरंला. माझा भाऊ आला तर त्याची पिशवी बगायचा, भाऊ गेल्याव. मला लई वरसांनी उमगलं, हा आसं का करतोय. मग मी त्याला सांगितलं, मी न्हाई घेतलं. तर म्हनला, मी कुठं म्हनलं तू घेतलं?"

बाजूच्या खोलीत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मुलगा दारातून हलला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला हे कधीच कुणी सांगितलेलं नसावं. तो आईकडे, म्हणजे त्याच्या आईकडे, पहिल्यांदाच बघतोय असा बघत होता.

माझ्या सासूबाईंनी तिच्या पायाला हात लावायला हात पुढे केला. म्हातारीने पाय मागे घेतले.

"ते नगं," ती म्हणाली. "ऊठ. भाईर चल. त्याला बाजारात चोर म्हनलं हुतं. तू मला आत बसून कानात सांगू नगंस."

ती उठली, काठी घेतली आणि गल्लीत गेली. शेजारच्या दोन दारांवर काठी आपटली. बायका बाहेर आल्या. नळावर भांडं लावून उभी असलेली एक आली, एक रिक्षावाला आला, दोन मुली मोबाइल बघता बघता थांबल्या. "ही बाई काय म्हनती ऐका," म्हातारी म्हणाली.

आई गल्लीच्या मधोमध उभ्या राहिल्या. आयुष्यात कधी चार लोकांसमोर बोललेली ही बाई नाही. त्यांनी पदर नीट केला, पुन्हा नीट केला. मी पुढे होऊन बोलणार होते, पण म्हातारीने काठी आडवी धरली. मग आई बोलल्या. सगळं. अड्डा, गिलास, शेणाची पाटी, बाजार, चप्पल. शेवटी म्हणाल्या, "हिच्या मालकानं काय नाय घेतला. हिनं पन नाय. चोर मी व्हती."

गल्लीतल्या कुणालाच नीट कळलं नाही. नळावरच्या बाईने मला हळूच विचारलं, "काय विकताय तुम्ही? स्कीम आहे का?" रिक्षावाला म्हणाला, "व्हिडिओ बनवतायत वाटतं." एका मुलीने खरंच मोबाइल वर केला होता. म्हातारीच्या मुलाने तो हाताने खाली केला. म्हातारीच्या नवऱ्याला तिथे ओळखणारं आता एकच जण होतं, कोपऱ्यावरचा म्हातारा न्हावी. तो दुकानाच्या पायरीवरून म्हणाला, "इथल्या कारखान्यात त्याच्याकडं कुलपांच्या किल्ल्या असायच्या सगळ्या. सायेब दुसऱ्या कुनाला देत नव्हता." एवढं बोलून तो आत गेला.

म्हातारी परत दारात येऊन बसली. तिने सुनेला हाक मारून चहा ठेवायला सांगितलं. चहा स्टीलच्या पेल्यांतून आला. ती आईंना म्हणाली, "तुजा मालक तरी सुदारला का?" आईंनी मान हलवली, नाही. "मग कशाला गं केलंस," ती म्हणाली. दोघी चहा प्यायल्या. नंतर त्या आपापल्या गुडघेदुखीबद्दल बोलल्या, आणि मुंबईच्या दवाखान्यातल्या रांगेबद्दल.

गिलास तिने ठेवून घेतले नाहीत. "मला बगवत न्हाईत," म्हणाली. पण एक, तिने पदराने पुसलेला, मुलाने उचलून घेतला आणि आत नेला. तिने त्याला अडवलं नाही.

उरलेले गिलास आणि बाटल्या मी त्या टाइप करणाऱ्या गृहस्थांना दिल्या. घेताना त्यांनी विचारलं, मालाचा इतिहास काही कळला का, त्यांना वहीत लिहून ठेवायचा असतो. मी सांगितलं. त्यांनी लिहिलं, आणि मग वर बघून विचारलं, "याला काही पुरावा?" मी म्हणाले, नाही. त्यांनी त्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलं. मीही तेच केलं असतं.

दिघ्याहून परत येताना रिक्षात आई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. पातळाची घडी मांडीवर. मी विचारलं, "आता बरं वाटतंय का, आई?"

"नाय," त्या म्हणाल्या. घडी नीट करत पुढे म्हणाल्या, "वाटाया पायजे व्हता का?"

सिग्नल सुटला आणि रिक्षा पुढे निघाली.